कॉम्रेड्सला निघालात? तिथली बोली आधी पायात उतरवा

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन आटोपली की पुण्या-मुंबईच्या आणि सातारा-कोल्हापूरच्या धावणाऱ्या गटांत एक विषय हमखास निघतो: यंदा कॉम्रेड्सला कोण कोण निघालंय? दक्षिण आफ्रिकेत डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधल्या डोंगराळ डांबरी रस्त्यावर होणारी ही शर्यत जवळपास ९० किलोमीटरची. १२ तासांत संपवावी लागते. अलीकडच्या नियमानुसार पात्रतेसाठी पूर्ण मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत हवी, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच जणांची वाट मुंबईवरूनच जाते.

वेग किती ठेवायचा, एनर्जी जेल कधी खायचं, बूट कुठले घ्यायचे हे सांगणारे ढीगभर भेटतात. तिथली बोली मात्र कोणी शिकवत नाही. तिथले हौशी धावपटू एकाच वाक्यात इंग्रजी, झुलू आणि आफ्रिकान्स वापरतात आणि बोलतात ते थट्टेच्या सुरात. पहिली शर्यत २४ मे १९२१ला झाली; ३४ जण निघाले, १६ पोचले. तेव्हापासून जे जे या रस्त्यावर दमले, पडले, उठले, त्यांच्या अनुभवातून हे शब्द घडले आहेत. कुठला चढ फसवतो, कुणाच्या मागे लागायचं, कधी थांबायचं नाही, हे सगळं त्या विनोदांत आहे. माझा आग्रह एवढाच की शब्द वहीत लिहून घेऊ नका. प्रत्येकाला एखादा सराव जोडा. फेब्रुवारी ते मे हे चार महिने त्यासाठी पुरेसे आहेत.

पायरी १: ‘अप की डाउन?’ याचं उत्तर तयार ठेवा

तिथे भेटणारा पहिला माणूस हाच प्रश्न विचारेल. शर्यतीची दिशा सहसा दरवर्षी उलटते. समुद्रकाठच्या डरबनहून वर पीटरमॅरिट्झबर्गला जायचं ते ‘अप रन’, उलट दिशेने यायचं ते ‘डाउन रन’. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं डाउनच झाली होती, तेव्हा अंदाजाने बोलू नका, यंदाची दिशा बघून घ्या. अंतरही बदलतं: २०२४ची अप ८५.९ किलोमीटर होती, २०२५ची डाउन ९० किलोमीटरला जेमतेम २० मीटर कमी.

जुने लोक नवख्याला हसत हसत सांगतात की डाउन म्हणजे काय, नुसतं उतरायचं. यावर विश्वास ठेवू नका, आणि ते विश्वास ठेवायला सांगतही नसतात. पीटरमॅरिट्झबर्ग सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि वाटेतला सर्वांत उंच भाग, उम्लास रोडजवळचा, ८०० मीटरच्याही वर. म्हणजे डाउनमध्येसुद्धा आधी चढायचंच आहे. खरी परीक्षा नंतर, लांबलचक उतारांवर. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला आवळून शरीराला आवरावं लागतं. हजारो पावलं हे झालं की स्नायूच्या तंतूंना इजा होते आणि शेवटच्या टप्प्यात पाय उचलायचं नावच घेत नाही.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या घाटांत मिळतो. डाउनचं वर्ष असेल तर मार्चपासून दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा खास उतारासाठी जा. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाई, किंवा यवतेश्वरहून साताऱ्यात. पहिल्या वेळी चार दिवस जिना उतरताना कठडा धराल, दुसऱ्या वेळी त्रास बराच कमी होईल. स्नायू एकदा अशा माऱ्यातून गेला की पुढचे काही आठवडे तो तसल्याच माराला जास्त टिकतो. घाटात पहाटे लवकर जा, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा, चमकणारी जाकिटं घाला.

पायरी २: ‘बिग फाइव्ह’ पाठ करा, पण त्यांच्यावर थांबू नका

आफ्रिकेत ‘बिग फाइव्ह’ म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रेडा. कॉम्रेड्सवाल्यांनी हेच नाव आपल्या पाच डोंगरांना दिलंय. अपच्या क्रमाने: कौवीज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स. डाउनमध्ये हाच क्रम उलटा.

फील्ड्स हिल सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. अपमध्ये ती सुरुवातीला येते, पाय ताजे असतात, आणि तिथेच लोक जास्तीचं पळून घेतात. डाउनमध्ये हाच उतार मांड्या संपवतो. अपमध्ये इंचांगा निम्म्या वाटेनंतर येते आणि ऊन चढल्यावर लागते. आणि पॉली शॉर्ट्स! पूर्ण दोन किलोमीटरही नाही, पण अपमध्ये शेवट सात-आठ किलोमीटरवर असताना ती समोर उभी राहते. तिथले लोक नुसतं ‘पॉली’ म्हणतात, तेही नात्यातल्या खडूस बाईबद्दल बोलावं तसं: पॉलीने काय केलं, पॉली काय म्हणाली. चांगले चांगले धावपटू तिथे चालतात आणि त्यात कोणाला काही वाटत नाही.

आता ज्या दोन नावांवर नवखे फसतात ती लक्ष देऊन वाचा.

पहिलं ‘लिटल पॉलीज’. पॉली शॉर्ट्सच्या अलीकडे एक छोटा चढ आहे. थकलेल्या माणसाला वाटतं, हीच पॉली. तो उरलंसुरलं सगळं त्यावर घालवतो, माथ्यावर येऊन सुटकेचा श्वास सोडतो आणि मग पुढे खरी पॉली दिसते. यासाठी सराव असा ठेवा: महिन्यातून एकदा लांब पल्ल्याच्या अगदी शेवटी, पाय जड झाल्यावर, दोन चढ ओळीने घ्या. पहिला मुद्दाम चालत, दुसरा चालणं-पळणं आलटून पालटून. पहिल्या चढावर हात राखून ठेवायची सवय शरीराला लागली पाहिजे.

दुसरं ‘हॅरिसन फ्लॅट्स’. नावात सपाटी आहे, रस्त्यावर नाही. इंचांगा आणि केटो रिज यांच्या मधला हा पट्टा सतत थोडा वर, थोडा खाली होत राहतो. सावली कमी, प्रेक्षकही तुरळक. बिग फाइव्हमध्ये याचं नाव नाही, म्हणून कोणी त्याची तयारी करत नाही. माझ्या मते अपमधला सर्वांत कमी लेखला गेलेला भाग हाच. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर हळू पळण्याचा सराव याला बरोबर लागू पडतो, कारण तिथेही चढ संपल्याचं समाधान फार वेळ टिकत नाही. आणि एक सराव मनाचाही: महिन्यातून एक लांब पल्ला एकट्याने, गाणी न ऐकता करा.

पायरी ३: वेळ माणसांच्या नावांनी सांगायला शिका

‘किती तासांत करणार?’ असं तिथे फारसं कोणी विचारत नाही. ‘बिल रोवन मारणार का?’ असं विचारतात. पदकांना माणसांची नावं आहेत आणि वेळ त्या नावांनीच मोजली जाते. पहिल्या दहा पुरुषांना आणि पहिल्या दहा स्त्रियांना सोनं. ६ तासांच्या आत आलेल्याला वॉली हेवर्ड. साडेसात तासांच्या आत पुरुषांना रौप्य, स्त्रियांना इसावेल रोश-केली. साडेसात ते ९ तास बिल रोवन, ९ ते १० रॉबर्ट म्त्शाली, १० ते ११ कांस्य, आणि ११ ते १२ व्हिक क्लॅपम.

ही माणसं कोण होती हे माहीत असल्याशिवाय ती नावं तोंडी घेऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. बिल रोवन हा १९२१चा पहिला विजेता, वेळ ८ तास ५९ मिनिटं. म्हणजे आज जो ९ तासांच्या आत पोचतो तो पहिल्या विजेत्याच्या बरोबरीला जातो. व्हिक क्लॅपम हे या शर्यतीचे जनक. पहिल्या महायुद्धात लढलेले, पेशाने रेल्वे इंजिन चालवणारे. मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून अशी शर्यत हवी जिच्यात शरीर पणाला लागेल, हा त्यांचा हट्ट होता. ‘कॉम्रेड्स’ हे नाव त्या सोबत्यांचं. शेवटच्या तासात येणाऱ्यांच्या पदकावर त्यांचं नाव आहे, हे मला फार योग्य वाटतं.

वॉली हेवर्ड पाच वेळा जिंकले आणि १९८९मध्ये वयाच्या ८०व्या वर्षी पुन्हा धावले. तेव्हा मर्यादा ११ तासांची होती. ती संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा ते पोचले. आणि रॉबर्ट म्त्शाली १९३५मध्ये साडेनऊ तासांत धावले, पण कृष्णवर्णीय म्हणून त्यांची अधिकृत नोंद झाली नाही. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७५मध्ये मिळाला. फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाई तर १९२३मध्येच नोंदीशिवाय ११ तास ३५ मिनिटांत पोचल्या होत्या. म्त्शालींच्या नावाचं पदक २०१९मध्ये आलं. तुमचं लक्ष्य १० तासांच्या आतलं असेल, तर कोणाचं नाव घेऊन तुम्ही धावणार आहात हे सरावाच्या पहिल्या दिवसापासून मनात असू द्या.

सगळी पदकं आकाराने नाण्याएवढी आहेत. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे भिंतीवर मोठा खिळा ठोकला जाणार नाही.

नंबरांची बोलीही याच पायरीवर शिकून घ्या. ‘नॉव्हिस’ म्हणजे पहिल्यांदा येणारा. हा शब्द तिथे कौतुकाने वापरतात. ‘ग्रीन नंबर’ म्हणजे दहा वेळा पूर्ण केलेल्याचा कायमचा हिरवा नंबर, तो दुसऱ्या कोणाला कधीच दिला जात नाही. वीस वेळा केलेला ‘डबल ग्रीन’. दहाव्या शर्यतीसाठी आलेल्याच्या छातीवर पिवळा नंबर असतो. शर्यतीत गोंधळलात तर हिरवा नंबर शोधा आणि तो चढावर काय करतो ते पाहा. तो चालू लागला की तुम्हीही चाला.

पायरी ४: ‘बस’ पकडायची की सोडायची

कॉम्रेड्सच्या बोलीतला सगळ्यात कामाचा शब्द हाच. ‘बस’ म्हणजे ठरावीक वेळेत पोचण्यासाठी एकत्र पळणारा मोठा घोळका. पुढे हातात किंवा पाठीला काठीवर निशाण घेतलेला अनुभवी धावपटू, तो ‘ड्रायव्हर’. मागचे सगळे प्रवासी. ११ तासांची बस, १२ तासांची बस अशा त्यांच्या वेळा. ड्रायव्हर ओरडून सांगतो: आता पळा, त्या खांबापासून चाला. चढावर चालवतो, सपाटीवर हाकतो, मध्येच गाणं सुरू करतो आणि शेकडो गळे ते उचलतात. पंढरीच्या वाटेवर दिंडीत चाललेल्याला हे सांगायला नको: अभंगाच्या लयीत पाय आपोआप पडतात तसंच इथे होतं, एकट्याने जे अंतर कापवत नाही ते घोळक्यात कापलं जातं.

बसचे तोटेही आहेत. पाण्याच्या टेबलाशी एकदम गर्दी होते आणि मागच्याला काही मिळत नाही. पुढचा दिसतो, रस्ता दिसत नाही, त्यामुळे पायाखाली येणाऱ्या रिकाम्या पाऊचवरून घसरण्याचा धोका असतो. आणि ड्रायव्हरची पळण्या-चालण्याची लय तुमच्या पायांना मानवेलच असं नाही. म्हणून माझा सल्ला: पहिला निम्मा टप्पा स्वतःच्या लयीत करा, ड्रमंड या मध्याच्या गावापर्यंत. त्यानंतर तुमच्या वेळेची बस मागून आली तर तिच्या कडेने जा, मधोमध घुसू नका. टेबल दिसलं की शंभर मीटर आधीच बसच्या पुढे निघा, पाणी घ्या, मग पुन्हा सामील व्हा.

सराव इथूनच सुरू करता येतो. १२ तासांत ९० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला बरोबर ८ मिनिटं, चालणं आणि टेबलावरचं थांबणं धरून. रविवारच्या लांब पल्ल्यात एकाला ड्रायव्हर करा. नऊ मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, किंवा दिव्याच्या खांबांच्या हिशोबाने. पाळीपाळीने प्रत्येकाने ड्रायव्हर व्हावं. दुसऱ्याला सांभाळून नेताना स्वतःचा उतावीळपणा फार लवकर कळतो.

दुसरीही एक बस आहे, चाकांची. जे थांबतात किंवा मधल्या वेळमर्यादेत अडकतात त्यांना उचलणारी. शर्यत सोडण्याला तिथे ‘बेल करणं’ म्हणतात, म्हणून ती ‘बेल बस’. थकलेल्या घटकेला ती अगदी हळू तुमच्या शेजारून जाते आणि तिचं दार उघडं दिसतं. खिडकीकडे पाहायचं नाही, असं जुने लोक बजावतात.

पायरी ५: रस्त्याकडेच्या हाका ओळखा

छातीवरच्या नंबरावर तुमचं नाव असतं आणि अनोळखी माणसं ते वाचून हाक मारतात. त्यांच्या बोलीतले काही शब्द आपल्या कानाला वेगळेच ऐकू येतात.

‘आख, शेम!’ एखादी बाई तुमच्याकडे बघून असं म्हणाली तर ती तुम्हाला लाजवत नाहीये. ‘अगं बाई, किती दमलाय बिचारा’ एवढाच त्याचा अर्थ. लहान बाळ पाहिलं तरी ती हेच म्हणेल.

‘बूट’ म्हणजे भाऊ. अशी हाक आली की पायाकडे पाहू नका. पायातल्या बुटांना तिथे ‘टॅकीज’ म्हणतात.

‘मामा’ म्हणजे मोठी बाई, आईच्या वयाची. पाण्याच्या टेबलामागे उभ्या असलेल्या झुलू बायकांना ‘थँक यू, मामा’ म्हणायचं. वयस्क पुरुष ‘बाबा’, आजी ‘गोगो’, दादा ‘भूती’, ताई ‘सिसी’. आफ्रिकान्स बोलणाऱ्यांत काका ‘ऊम’, काकू ‘टानी’. नातं लावून हाक मारायची आपली सवय इथे उपयोगी पडते. लोक मनापासून खूश होतात.

‘हाम्बा!’ म्हणजे चल, जा पुढे. ‘वोझा!’ म्हणजे ये, ये. ‘येबो’ म्हणजे हो. ‘शार्प-शार्प’ म्हणजे झकास, ठीक, निघू या. सोबत अंगठा वर करायचा. ‘लेकर’ म्हणजे मस्त. जेवण, हवा, उतार, काहीही लेकर असू शकतं.

‘रोबो’ म्हणजे रस्त्यावरचा सिग्नल. ‘रोबोला डावीकडे वळा’ असं हॉटेलवाल्याने सांगितलं तर यंत्रमानव शोधत फिरू नका.

आणि ‘जस्ट नाऊ’. हा शब्द सर्वांत महाग पडतो. ‘टेबल कुठे आहे?’ याला कोणी ‘जस्ट नाऊ’ म्हटलं तर त्याचा अर्थ आत्ता, लगेच, असा नाही. थोड्या वेळाने, कधीतरी, असा आहे. ‘नाऊ-नाऊ’ म्हणाला तर खरंच जवळ आलं. त्यावर सराव असा: दुसऱ्याच्या अंदाजावर पाणी पिऊ नका, स्वतःच्या घड्याळावर प्या. रस्त्यावर टेबलं पुष्कळ असतात, पण पाणी छोट्या सीलबंद पाऊचमध्ये मिळतं. कोपरा दाताने फोडायचा, हळू पिळायचं. आपल्याकडचे पाण्याचे पाऊच आणून पळता पळता फोडायची सवय करा, नाहीतर अर्धं पाणी शर्टावर जातं. मीठ लावलेले उकडलेले बटाटेही मिळतात. आपल्या पोटाला ते जेलपेक्षा बरे मानवतात. लांब पल्ल्यात घरून नेऊन बघा.

इंचांगाच्या परिसरात एथेंबेनी नावाची अपंग आणि दृष्टिहीन मुलांची शाळा आहे. ती मुलं रस्त्याला ओळीने बसून हात पुढे करतात. तिथे घड्याळ विसरा आणि जितक्या हातांना टाळी देता येईल तितकी द्या.

पायरी ६: दमल्याचे प्रकार

मराठीत आपण दमतो, धापा टाकतो, गळून जातो, आपल्या पोटऱ्यांत गोळे येतात. तिथेही अशीच चढती भाजणी आहे. ‘मूख’ म्हणजे दमलो. ‘पूखाय’ म्हणजे पार गळालो. ‘क्लार’ म्हणजे संपलं. ‘फिनिश अँड क्लार’ म्हटलं की विषयच बंद. ‘आइश’ हा उद्गार कशालाही चालतो: चढ, ऊन, फोड, समोर आलेली पॉली.

सोबत्याच्या तोंडून यातलं काय येतंय यावर लक्ष ठेवा. ‘मूख’ला खाणं आणि पाणी द्या. ‘पूखाय’ला पाच मिनिटं चालवा. तो थट्टाच करेनासा झाला, विचारलेल्याला उत्तर देईना, बोलणं अडखळू लागलं किंवा पाय वाकडे पडू लागले, तर विनोद बाजूला ठेवून सरळ वैद्यकीय मदतीच्या तंबूकडे न्या.

आणि मग तो शब्द येतो जो या सगळ्यावर आहे: ‘फासबेट’. दात घट्ट रोवून धरून राहा, सोडू नका. सैन्यातल्या कवायतीत तो बोलला जातो आणि धावण्यातही. कोणी अनोळखी ऊम पॉलीच्या चढावर तुमच्याकडे बघून एवढा एकच शब्द म्हणाला तर तो मनापासून म्हणतोय असं समजा आणि मान हलवा. स्वतःहून दुसऱ्याला म्हणायचा असेल तर शेवटच्या तिसऱ्या भागात म्हणा. दहाव्या किलोमीटरला ‘फासबेट’ म्हणणाऱ्याकडे लोक विचित्र नजरेने पाहतात.

शिव्या भरपूर ऐकू येतील. त्या समजल्या तरी वापरू नका. कुठली शिवी प्रेमाची आणि कुठली भांडणाची हे बाहेरच्याला कळत नाही.

पायरी ७: ‘सेकंड’ आणि ‘पाटकॉस’

रस्त्यात ठरावीक जागी उभं राहून तुम्हाला खाणं-पिणं देणारा आपला माणूस म्हणजे ‘सेकंड’, आणि त्याचं काम ‘सेकंडिंग’. मुष्टियुद्धात कोपऱ्यात उभा राहणाऱ्यालाही सेकंडच म्हणतात. ‘पाटकॉस’ म्हणजे शिदोरी. घरचं कोणी सोबत येणार असेल तर त्यांना भेटीच्या दोनच जागा द्या, जास्त नको. रस्ते बंद असतात आणि एका जागेहून दुसऱ्या जागी पोचायला वेळ लागतो. कुठल्या बाजूला उभं राहायचं तेही ठरवा.

पायरी ८: शर्यतीची पहाट

जून म्हणजे तिथला हिवाळा. विशेषतः पीटरमॅरिट्झबर्गला अंधारात थंडी बोचते, आणि लोक कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना भोकं पाडून अंगात घालतात. जुना स्वेटर न्या, वाटेत काढून टाकायचा.

सुरू होण्यापूर्वी ‘शोशोलोझा’ गातात. खाणकामाला आगगाडीने जाणाऱ्या मजुरांचं हे गाणं; हजारो लोक एकत्र गातात. त्याचे पहिले शब्द मे महिन्यात पाठ करून ठेवा, ओठ नुसते हलवू नका. मग कोंबडा आरवतो. १९४८मध्ये मॅक्स ट्रिमबॉर्न नावाच्या धावपटूने सुरुवातीच्या रेषेवर कोंबड्याची बांग दिली, लोकांना ती इतकी आवडली की पुढे प्रथाच पडली. आता ती ध्वनिमुद्रित ऐकवतात. बांग झाली की बंदूक. घड्याळ वर्षानुवर्षं बंदुकीपासून चालत आलंय, तुम्ही रेषा ओलांडल्यापासून नाही; यंदाचा नियम मात्र बघून घ्या. मागे उभे असाल तर ती मिनिटं तुमच्या खात्यातून गेलेली असतात. सरावातला हिशोब पाच-सात मिनिटं हातची राखूनच करा.

ड्रमंडजवळ रस्त्याच्या कडेला दरडीत एक कोनाडा आहे, ‘आर्थर्स सीट’. पाच वेळा जिंकलेले आर्थर न्यूटन सरावात तिथे विसावत असत असं सांगतात. तिथून जाताना एक फूल ठेवायचं आणि ‘गुड मॉर्निंग, आर्थर’ म्हणायचं, म्हणजे दुसरा निम्मा टप्पा चांगला जातो. थट्टेने नाही, टोपी काढून म्हणतात. तुम्हीही म्हणा.

पायरी ९: शेवटची बंदूक

१२ तास पूर्ण होताना एक अधिकारी शेवटच्या रेषेवर येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. चेहरा दिसला तर हात थांबेल, म्हणून पाठ. त्यानंतर एक सेकंद उशीर झाला तरी पदक नाही, कितीही लांबून आलेला असो. ‘गन’ हा शब्द तिथे उगीच कोणी हसून उच्चारत नाही. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये कोणी ‘गनचं बघ’ म्हणालं तर चालणं थांबवा.

पायरी १०: दुसऱ्या दिवशी

डरबनमध्ये भारतीय वंशाची मोठी वस्ती आहे आणि तिथलं खास खाणं ‘बनी चाउ’: पावाचा आतला गाभा काढून त्यात झणझणीत रस्सा. नुसतं ‘क्वार्टर मटन’ म्हणायचं, बनी हा शब्दही लागत नाही. चतुर्थांश लोफ आणि मटण असा त्याचा अर्थ. शाकाहारींनी ‘क्वार्टर बीन्स’ म्हणावं. हातानेच खायचं.

पीटरमॅरिट्झबर्गचं रेल्वे स्टेशनही बघून या. ७ जून १८९३च्या रात्री गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून इथेच उतरवलं गेलं होतं. ते डरबनहूनच निघाले होते.

मग तुम्हाला प्रश्न येईल: ‘बॅक-टू-बॅक?’ पहिली शर्यत पूर्ण करणारा नॉव्हिस लगेच पुढच्या वर्षीही धावून पूर्ण करेल तर त्याला जास्तीचं पदक मिळतं, २००५पासून. ही संधी आयुष्यात एकदाच. लागोपाठच्या दोन वर्षांत बहुधा दोन्ही दिशा होतात, म्हणून तिथले लोक म्हणतात की अप आणि डाउन दोन्ही केल्याशिवाय कॉम्रेड्स पुरी होत नाही. पाय दुखत असताना उत्तर देऊ नका. परतल्यावर दोन आठवडे नुसतं चाला, मग ठरवा. आणि हो ठरलं, तर पुढच्या वर्षीचे नोंदणीचे दिवस लगेच पाहून ठेवा. जागा मर्यादित असतात आणि त्या भरतात ‘जस्ट नाऊ’ नाही, ‘नाऊ-नाऊ’.